पद्मिनीला जाड स्टॅबिलायझर कसा बसवावा

साहित्य: प्रीमियर पद्मिनी एक, शक्यतो स्वतःची. जॅक एक, घोड्या दोन, तेरा आणि सतराचे पाने, गंज सोडवायचं तेल, अंगाखाली घ्यायला जुनी चादर (घरी विचारून) आणि एक मित्र. मित्र असा निवडावा की ज्याला गाडीतलं काही कळत नाही. कळणारा मित्र आल्या आल्या टायरमधली हवा तपासायला सांगतो आणि निम्म्या लोकांचा कार्यक्रम तिथंच आटोपतो.

पायरी पहिली. गाडी खरंच किती कलते ते बघा. खंबाटकी घाट चढताना मागच्या सीटवरची आत्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सरकली, की आपण दोष सस्पेन्शनला देऊन मोकळे होतो. त्यातला निम्मा दोष रेक्झिनचा असतो. अखंड सीट, वर गुळगुळीत रेक्झिन, आणि मागे पट्ट्याचा पत्ता नाही, आत्या सरकणारच. रेक्झिनवर स्टॅबिलायझरची मात्रा चालत नाही, टर्किश टॉवेलची चालते. टॉवेल अंथरूनही आत्या सरकली तर पुढे वाचा.

आता थोडा सिद्धान्त. हा भाग सगळेच वगळतात, तुम्हीही वगळा. फक्त नंतर मिस्त्रीसमोर गप्प राहा. स्टॅबिलायझर म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंग-पोलादाची सळई. तिचा मधला भाग दोन रबरी बुशांमधून गाडीच्या अंगाला धरलेला असतो आणि दोन टोकं दोन्ही चाकांच्या आर्मना बांधलेली असतात. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर गेली तर सळई बुशात नुसती फिरते, काहीच करत नाही. वळणावर मात्र बाहेरचं चाक वर दबतं, आतलं खाली लोंबतं आणि सळईला पीळ पडतो. तो पीळ सुटायला बघतो, म्हणून गाडी कमी कलते. या युक्तीचं पेटंट कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांनी १९१९ मध्ये घेतलं होतं. एवढ्या जुन्या कल्पनेला आपण ‘अपग्रेड’ म्हणतो, यात गाडीवाल्यांचं मन कसं चालतं ते सगळं आलं.

फुकट मात्र काही मिळत नाही. सळईने दोन्ही चाकं एकमेकांना बांधली, की डाव्या चाकाचा खड्डा उजव्यालाही कळतो. चाळीतल्या भिंतीसारखं आहे हे: भांडण एका खोलीत, जागरण दोन्हीकडे. सळई जितकी जाड, तितकी भिंत पातळ.

आणि जाडी कशी वाढते ते नीट ऐका. पीळ पडायला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. समजा १९ मिलिमीटरची सळई काढून २२ ची घातली. हातात घेतल्यावर फरक कळतही नाही, पण कडकपणा जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी वाढलेला असतो. २५ ची घातलीत तर तिप्पट. ‘थोडी जाडच घेऊ, पुढे उपयोगी पडेल’ हा शर्टाच्या खरेदीतला न्याय इथे लावू नका. उलट मधोमध पोकळ सळई मिळाली तर आनंदाने घ्या. आतलं भोक बाहेरच्या व्यासाच्या निम्मं असलं तरी वजन पाव हिश्शाने घटतं आणि कडकपणा जेमतेम सहा टक्के जातो.

पुढे बसवायचा की मागे? पुढचा जाड केला तर गाडीचं नाक वळणाबाहेर पळायला बघतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की बहुधा परत येतं. मागचा जाड केला तर शेपूट बाहेर येतं, आणि ते परत आणायला लागणारं कौशल्य नवशिक्याकडे नसतं, नाहीतर तो हे वाचत नसता. शिवाय पद्मिनीचा मागचा अ‍ॅक्सल अखंड, पाट्यांवर बसलेला, आणि जोरही मागच्याच चाकांना. मागे जाड सळई घातली की वळणात आतलं चाक हलकं होतं आणि १०८९ सीसीच्या इंजिनातले मोजके घोडे हवेत फिरायला लागतात. तेव्हा पुढचाच करा.

ही सळई किती महत्त्वाची आहे हे अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला महागात पडून कळलं. १९६० ची शेवर्ले कॉर्व्हेअर: इंजिन मागे, आणि मागची चाकं अशा अ‍ॅक्सलवर की जोरात वळताना चाक गाडीच्या पोटाखाली दुमडायची भीती. पुढे एक स्टॅबिलायझर असता तर शेपटाचा हा चावटपणा पुष्कळ आवरला असता. खर्च वाचवायला तो गाळला आणि सगळी भिस्त टायरच्या हवेवर ठेवली: पुढे १५ पौंड, मागे २६. आता पंपावर कोण असा फरक ठेवून हवा भरतो? १९६४ च्या मॉडेलमध्ये सळई सरसकट आली, १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच नवं आलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गाड्यांच्या असुरक्षिततेवरचं राल्फ नेडर यांचं पुस्तक निघालं, ज्याचं पहिलंच प्रकरण जुन्या कॉर्व्हेअरवर होतं. पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांनी सांगितलं की ती गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. पण कॉर्व्हेअर १९६९ लाच बंद झाली होती. हवा तपासायला सांगणाऱ्या मित्राला या परिच्छेदाबद्दल सांगू नका.

पायरी दुसरी: खरेदी. कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीचे सुटे भाग कुर्ल्यातच शोधावेत. भंगारबाजारात ‘हीच सळई पद्मिनीला बसते’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील आणि प्रत्येकाच्या हातात वेगळी सळई असेल. एखादा म्हणेल, ‘साहेब, साधा गज वाकवून देतो, तितकाच कडक.’ गंमत म्हणजे तो खोटं बोलत नाही. कडकपणा पोलादाच्या जातीवर फारसा ठरत नाही, जाडी आणि लांबीवर ठरतो. जात ठरवते ती पिळल्यावर सळई सरळ होणार की तशीच राहणार, हे. साधा गज चार वळणं इमानाने काम करील आणि पाचव्याला कायमचा वाकडा होईल. गॅसवर तापवून वाकवलेली स्प्रिंग-सळई त्याच वाटेने जाते, कारण तिचं पाणी उतरलेलं असतं.

पायरी तिसरी: कायदा. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांवरचं कलम ५२ एकदा वाचा. पन्नास वर्षं पुरी झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल तर मूळ रूप राखावं लागतं. काढलेली सळई भंगारात देऊ नका. नवे ब्रॅकेट वेल्ड करण्याच्या मोहात तर पडूच नका. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची हाडं, आणि तिच्या वयात तो पत्रा कुठे संपतो आणि रंग कुठे सुरू होतो हे सांगणं अवघड असतं.

पायरी चौथी: प्रत्यक्ष काम. दोन्ही पुढची चाकं एकदम उचला आणि गाडी घोड्यांवर ठेवा. एकच बाजू उचललीत तर सळई पिळलेली राहते आणि बोल्ट निघताना तिचं टोक उसळून येतं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. या वाक्यात विनोद नाही. जुना बुश निघाला की हातात घेऊन पाहा. गोल भोक लंबगोल झालेलं असेल, रबर नखाला लाकडासारखं लागेल, कडेला बारीक भेगा असतील आणि सळईवर त्या जागी घासून चकाकलेला पट्टा दिसेल. म्हणजे ही सळई कित्येक वर्षं पीळ पडण्याआधी बोटभर नुसतीच हलत होती. याच क्षणी गाडीखालून मिस्त्रीचा आवाज येतो: ‘साहेब, नुसते बुश बदलू का? किरकोळ काम आहे.’ उत्तर देऊ नका. तो म्हणतो ते खरं आहे, आणि शॉकअपबद्दल तो पुढे म्हणणार आहे तेही खरं आहे, पण तुम्ही जाड सळई घेऊन बसला आहात.

नवे बुश पॉलियुरेथेनचे असतील तर सिलिकॉन ग्रीस लावा. नट आधी सैल ठेवा, गाडी चाकांवर उभी करा, मग आवळा. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून सळई टायरॉडला किंवा टायरला घासत नाही ना ते पाहा.

पायरी पाचवी: चाचणी. तोच घाट, तोच वेग, तीच आत्या. टॉवेल काढून घ्या, नाहीतर श्रेय त्यालाच जाईल. पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा आणि तेव्हा ग्रीसही द्या, नाहीतर बुश प्रत्येक गतिरोधकावर किंचाळतात आणि सोसायटीचा वॉचमन तुम्ही दिसायच्या आधीच गेट उघडतो. काहींना हे आवडतं.