घडीची स्टेपनी

पोर्शे 911 ही 1963 साली जगापुढे आलेली जर्मन स्पोर्ट्स कार. इंजिन मागे, डिकी पुढे. जुन्या 911 च्या डिकीत पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी आधीच बस्तान मांडतात. मालकाच्या बॅगेने अंग चोरून बसायचं.

यावर उपाय म्हणून पोर्शेने घडीची स्टेपनी द्यायला सुरुवात केली. हवा नसताना आक्रसलेली, फुगवायला सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचा छोटा कंप्रेसर. म्हणजे ताशी 250 किलोमीटर पळणारी 911 टर्बो रस्त्याकडेला उभी आणि साहेब टायर फुगायची वाट बघत ताटकळलेले!

चाक बदललं, की वेगमर्यादा ताशी 80. ऑटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गावर, जड ट्रकांनाही तीच मर्यादा आहे, त्यामुळे सोबतीची चिंता नाही.

उरलं पंक्चर झालेलं मागचं चाक. ते रुंद, स्टेपनीच्या खळग्यात मावत नाही. मग चिखलासकट शेजारच्या सीटवर त्याची प्रतिष्ठापना होते आणि सहप्रवाशाने आपलं बघून घ्यायचं.

हौशी मालकांनो, जुन्या गाडीला अशी छोटी स्टेपनी घेताना बोल्टची भोकं जुळतात का, रिम ब्रेकला घासत नाही ना, हे घरीच तपासा. टायरवरची तारीखही वाचा. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं.