खड्डा तोच, रोप नवे

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला साजरा करायचा, असे संयुक्त राष्ट्रांनी १९७२ साली ठरवले. ठरवताना जिल्हा परिषद शाळांची उन्हाळी सुट्टी कधी संपते, याची चौकशी कुणी केली नसावी. आपल्याकडे शाळा उघडतात जूनच्या मध्याला. विदर्भात उन्हाचा मान राखून आणखी आठ-पंधरा दिवस उशिरा. तरीही ५ जूनच्या वृक्षारोपणाचा अहवाल ५ जूनलाच तालुक्याला पोहोचतो. गावात सापडतील ती चार पोरे, सुट्टी सोडून आलेले एक गुरुजी, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि एक रोप, एवढ्या सामग्रीवर दिन साजरा होतो. पाऊस आलेला नसतो, हापसा कोरडा पडलेला असतो. रोपाला गुरुजींच्या बाटलीतले उरलेले पाणी मिळते आणि फोटोत ते धार लावून ओतल्यासारखे दिसते.

मराठी शाळेच्या भिंतीवर पिढ्यान् पिढ्या एक घोषणा रंगवलेली आहे: झाडे लावा, झाडे जगवा. सरकारने या घोषणेची कामे वाटून घेतली आहेत. पहिल्या निम्म्याला मंत्री, मांडव, बॅनर आणि उद्दिष्ट मिळाले. दुसऱ्या निम्म्याला भिंत मिळाली.

द्विशिक्षकी शाळेच्या आवारात झेंड्याच्या कट्ट्याजवळ एक खड्डा असतो. नियमाने तो दीड फूट लांब, रुंद आणि खोल हवा. प्रत्यक्षात मुरूम लागतो आणि कुदळ वीतभर जाऊन झणझणते. म्हणून अनुभवी गुरुजी हा एकदा पडलेला खड्डा बुजू देत नाहीत. खड्ड्याचा इतिहास मोठा आहे. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्न व कृषिमंत्री होते, त्यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला. पुढे आपल्याकडे शतकोटी वृक्षलागवड आली. मग १ जुलै २०१६ला एका दिवसात दोन कोटी झाडे लावायची टूम निघाली, २०१७ला चार कोटी, २०१८ला तेरा, २०१९ला तेहतीस. सरकारे बदलली, पक्ष बदलले, रोपाची पिशवी काळीची हिरवी झाली. खड्डा मात्र सर्वांना पुरून उरला.

उद्दिष्टाच्या बाबतीत हे राज्य कधी हरलेले नाही. दोन कोटी सांगितली तर २.८२ कोटी लागली, चार सांगितली तर ५.४३ आणि तेरा सांगितली तर १५.८८, असे आकडे जाहीर झाले. शाळेत गणिताला पस्तीस गुण मिळवताना घाम फुटतो, पण वृक्षलागवडीत शंभराच्या खाली कुणी येतच नाही. मार्च २०२१मध्ये विधानसभेत सरकारने उत्तर दिले, की वन विभागाने चार वर्षांत लावलेल्या २८.२७ कोटी रोपांपैकी ७५.६३ टक्के रोपे ऑक्टोबर २०२०पर्यंत जिवंत होती. नुसते 'तीन चतुर्थांश जगली' म्हटले असते तर लोकांनी भुवया उंचावल्या असत्या. पण दशांश चिन्हापुढच्या त्या त्रेसष्टामुळे कुणीतरी खरेच पानापानाला हात लावून मोजले असणार, असे वाटू लागते. त्याच महिन्यात या मोहिमेच्या चौकशीसाठी आमदारांची समितीही जाहीर झाली. दशांश चिन्हाचा प्रभाव आमदारांवर तितकासा पडला नसावा.

हे वरचे झाले. खाली शाळेत कसे चालते?

सकाळी साडेदहाला केंद्रशाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर संदेश पडतो: 'सर्व मुख्याध्यापक, वृक्षारोपणाची लिंक आज दुपारी दोनपर्यंत भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे. अन्यथा सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' रोपे अजून नर्सरीतच असतात. ती आणायला गुरुजींची मोटारसायकल निघते आणि वर्गात तिसरी-चौथी एकमेकींकडे बघत बसतात. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत तोपर्यंत आंबा, जांभूळ, चिंच संपलेली असते. उरतो गुलमोहर, जो मूळचा मादागास्करचा, आणि सुबाभूळ, जी मेक्सिकोकडची. राज्याचे फूल ताम्हण आहे हे चौथीतल्या मुलाला पाठ असते. ताम्हणाचे रोप त्याने पाहिलेले असतेच असे नाही.

मग फोटो. साधा फोटो चालत नाही. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ छापून येणारा लागतो. त्यामुळे रोप पृथ्वीवर नेमके कुठे लावले हे दिल्लीत बसून कळते. ते तिथे अजून आहे का, हे त्या फोटोत दिसत नाही, आणि पुढच्या फोटोची मागणी थेट पुढच्या जूनला येते.

५ जून २०२४ला 'एक पेड माँ के नाम' ही मोहीम आली आणि फोटोत आईही हवी झाली. कल्पना गोड आहे. अडचण एवढीच, की पाऊस पडल्यावर खेड्यातली आई शाळेच्या आवारात नसते, ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली असते. फोटोसाठी आली तर तिचा अर्धा रोज बुडतो. तरी आया येतात, लाजत पदर सावरत उभ्या राहतात. रोपे कमी पडली तर रोप तेच राहते आणि आया बदलतात. एका करंजाला अशा पंधरा माता लाभतात. प्रमाणपत्र मात्र प्रत्येकीच्या लेकराला वेगळे मिळते.

आता परसबाग. शालेय पोषण आहारात, म्हणजे आताच्या पीएम पोषणमध्ये, पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी द्यायची असते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन मिळून मे २०२५पासूनचा दर मुलामागे ६.७८ रुपये आहे. एवढ्यात ताजी भाजी बसवणे अवघड, म्हणून ती शाळेतच पिकवा, हा विचार शहाणपणाचा आहे. फक्त एकदा हिशेब करून बघावा. चाळीस मुलांना रोज दोन किलो भाजी लागते. शाळेच्या मागे, मुतारी आणि कुंपणाच्या मधल्या पट्टीत तीन वाफे बसतात. मेथी पेरली की महिनाभराने हाताशी येते. आहार शिजवणाऱ्या मावशी सकाळी विळा घेऊन बसतात, मुळाची माती झटकून जुड्या रचतात आणि तासाभरात वाफा रिकामा होतो. त्या दिवशीची खिचडी हिरवीगार होते, पोरे दुसऱ्यांदा ताट पुढे करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बटाटा.

पण वाफा असा रिकामा करायचीही चोरी असते. परसबागेची स्पर्धा असते, तालुक्याची, मग जिल्ह्याची. जानेवारी २०२४ला सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानात राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचे बक्षीस होते आणि परसबागेलाही गुण होते. मूल्यांकन समिती येईपर्यंत मेथी कापायची नाही, असे ठरते. समिती पंधरा दिवस लांबते. मेथीला फुले येतात, पाला कडू होतो. कोवळी असताना मुलांच्या पोटात जायची ती मेथी जून होऊन गुणपत्रिकेत जाते.

या सगळ्या व्यवहारात एकच घटक अहवालाची पर्वा करत नाही, तो म्हणजे शेळी. कुंपणाला निधी नाही. कुंपण म्हणजे पोरांनी ओढून आणलेल्या बाभळीच्या फांद्या. तालुक्याहून उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ आहेत, पण शाळेत शिरलेली शेळी हाकायला प्रत्यक्ष कुणी येत नाही. तिला जांभूळ आवडते, आंबा आवडतो, शेवगा तर फारच. कडवट करंजाला ती तोंड लावत नाही. महाराष्ट्रातल्या शाळांच्या आवारात कोणते झाड वाढावे, याचे धोरण मंत्रालय आखते आणि निर्णय शेळी घेते.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. वृक्षारोपणाला हे कलम लागत नाही, कारण ते शैक्षणिक आहे, आणि ते आहेही. लिंक भरणे शैक्षणिक कसे, हे मात्र कलमात सापडत नाही. गंमत अशी, की झाडाला पाणी लागते हे परिसर अभ्यासात शिकवावे लागते ते ज्या पोरांना, त्यांच्या घरी चार पिढ्या शेती आहे. तिसरीतली एखादी मुलगी टमरेलातले पाणी बुंध्यावर न ओतता आळ्यात कडेकडेने सोडते, वर सुकलेला पालापाचोळा पसरते आणि ऊन मातीला लागू देत नाही. तिला कुणी शिकवलेले नसते, आणि तिच्या या ज्ञानासाठी मूल्यमापनाच्या कागदात रकाना नाही.

असा रकाना कधीच नव्हता असे नाही. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची नयी तालीम १९३७च्या वर्ध्याच्या परिषदेतून निघाली. त्याच विचाराची सेवाग्रामची शाळा, आनंद निकेतन, २००५पासून पुन्हा चालू आहे आणि तिथे शेतीकाम हा शिक्षणाचाच भाग आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतही असे वेडे गुरुजी सापडतात, जे मे महिन्यात स्वतःच्या गाडीला कॅन बांधून शाळेत जातात. त्यांची झाडे छपराच्या वर गेलेली आहेत. त्यांच्याकडून लिंक भरायची बऱ्याचदा राहून जाते आणि मग खुलासा मागितला जातो.

सगळा घोळ त्या सहा आठवड्यांचा आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत शाळेला कुलूप असते. पोरे मामाच्या गावी, गुरुजी आपल्या गावी, आणि नेमक्या त्याच दिवसांत रोप मरते. रोजगार हमीत लावलेल्या झाडांच्या संगोपनाची मजुरी देण्याची सोय आहे. तेव्हा गटविकास अधिकाऱ्यांना विनंती, की एप्रिल संपायच्या आत प्रत्येक शाळेच्या रोपांसाठी गावातल्या एका माणसाची या सहा आठवड्यांची मजुरी मंजूर करावी आणि पाण्याचे एक टिपाड द्यावे. अक्षांश-रेखांशासह फोटो गुरुजी बिनबोभाट पाठवतील.