पट्टकदंबांच्या माहेरी

हिवाळ्यात भिगवणला पाहुण्यांना तोटा नाही. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागं पसरलं आणि कुंभारगाव-डिकसळच्या फुगवट्यावर देशोदेशीचे पक्षी उतरू लागले. त्यांच्या मागोमाग पुण्या-मुंबईचे कॅमेरेवाले उतरले. कॅमेरेवाल्यांचा सगळा जीव गुलाबी रोहितांवर. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणाऱ्या राखाडी पट्टकदंबाला कोण विचारतो? फार तर होडी परतताना, कार्डात जागा उरली असेल तर, एखादा फोटो.

पण तात्यांच्या होडीत एकदा पक्ष्यांचा एक अभ्यासक बसला आणि त्यानं सांगून टाकलं, की हे तिबेट, मंगोलिया, लडाखकडचे. लडाखात त्सो मोरिरी नावाच्या तळ्याकाठी यांची वीण होते. आणि इकडे यायला ते हिमालय ओलांडतात. तात्यांनी वल्हंच थांबवलं.

"म्हंजे दरसाल ती येत्यात आन् आपुन एकदा बी गेलो न्हाय? बरं दिसतं का ते?"

परतभेटीचा हा मुद्दा बिनतोड होता. जूनमध्ये निघायचं ठरलं. तेव्हा होड्या काठाला लागलेल्या असतात, धरण तळाला गेलेलं असतं आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येऊन ऊन खात असतं. मंडळी म्हणजे तात्या, काकू, निवृत्त शाळामास्तर आणि हिशेब ठेवायला मी. काकूंनी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि सुकट बांधून घेतली. दिल्लीच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं सुकटीचा डबा उघडला आणि दुसऱ्याच क्षणी इतक्या आदरानं बंद केला, की पुढच्या पिशव्यांना त्यानं हातही लावला नाही.

भिगवण समुद्रसपाटीपासून 500 मीटरच्या आसपास, लेह 3,500. विमान हा फरक तासा-सव्वातासात उरकतं, शरीर मात्र बैलगाडीनं मागून येतं. म्हणून तिथं पोचल्यावर पहिली सूचना मिळते ती अशी : दोन दिवस काही करायचं नाही. जिना चढायचा नाही, धावायचं नाही, फार बोलायचंही नाही.

"काय करायचंच न्हाय तर एवढं भाडं कशापाय भरलं?" तात्या म्हणाले. "हे तर आपल्या पारावर फुकट हुतं." एवढं बोलून त्यांना धाप लागली. न बोललेले तात्या काकूंनी लग्नानंतर बहुधा प्रथमच पाहिले. त्यांचा चेहरा इतका समाधानी होता, की लेह त्यांना आवडलं हे वेगळं विचारावं लागलं नाही. चिवड्याची बंद पुडी मात्र विरळ हवेत टम्म फुगली होती. ती उघडायला कोणी धजेना.

दम आल्यावर ठिकसे गोंपा पाहिली. डोंगराच्या उतारावर मजल्यावर मजले चढवलेला पांढरा मठ. गाडी वरपर्यंत जाते, तरी पायऱ्या उरतातच. आत मैत्रेयाची, म्हणजे भावी बुद्धाची, सुमारे 15 मीटर उंच मूर्ती आहे. १९७० मध्ये दलाई लामांनी इथं भेट दिली, तिच्या स्मरणार्थ ती घडवली. दोन मजले व्यापून बसलेल्या त्या मूर्तीचा चेहरा वरच्या मजल्यावर आपल्यासमोर येतो आणि माणूस आपोआप गप्प होतो. मास्तरांच्या घरी रोज बुद्धवंदना. त्यांनी हात जोडून पालीत त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली. एक तरुण लामा दारातच थांबला, शेवटपर्यंत ऐकलं आणि मग त्यानं आपल्या तिबेटी पठणातलं काही म्हटलं. मास्तरांचे डोळे भरून आले. तात्या भिंतीला टेकून होते. "मास्तर, अजून एकदा म्हना. मला तेवढाच दम घ्याया गावंल."

पुढं सिंधूच्या कडेनं चुमाथांग, माहे करत गाडी कोरझोकला पोचली. उंची 4,500 मीटरच्या वर. मातीच्या भिंतींची घरं, द्रुक्पा पंथाची लहानशी गोंपा आणि समोर त्सो मोरिरी. इतकं निळं पाणी, की उजनीची सवय असलेल्या माणसाला ते खोटं वाटावं. तात्यांनी बोट बुडवून चाखलं. मचूळ! शिवाय काठाला एकही होडी नाही. "एवढं पानी आन् धंदा न्हाय," म्हणून ते हळहळले.

मुक्काम एका घरात होता. आजींनी लाकडी नळकांड्यात घुसळलेला गुरगुर चहा पुढं केला : लोणी घातलेला आणि खारट. आपल्याकडं पानात टाकलं तर अन्नाचा अपमान. त्यांच्याकडं पाहुण्याचा पेला रिकामा दिसला तर यजमानाचा. तात्या डोळे मिटून पेला संपवत होते, आजी हसून तो भरत होत्या. दोन्ही संस्कृती अशा जिद्दीला पेटल्या, की शेवटी वाटाड्यानंच सांगितलं : पुरे झालं की भरलेला पेला तसाच ठेवा.

सकाळी पट्टकदंब दिसले. पिलांची रांग पाण्यात सोडून आईबाप चरत होते. यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायूही चटकन धरतं. उपकरणं लावून माग काढला, तेव्हा काही 7,000 मीटरच्याही वर उडताना आढळले. आम्ही दहा पावलांवर बसकण मारत होतो. तेवढ्यात तात्या गरजले, "आरं, ही तर आपलीच! कुंभारगावात हरभऱ्यात बसत्यात ती!"

"शू!" वाटाड्या दबक्या आवाजात म्हणाला. "शोर मत करो, चाचा. पीछे हटो."

हेच वाक्य तात्या दर हिवाळ्यात पुणेकरांना ऐकवतात. आवाजही असाच, भुवयाही अशाच. तात्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या कानात म्हणाले, "गडी कामाचा हाय."

निघताना त्यांनी त्याला रीतसर आमंत्रण दिलं. "डिशंबर में आव. हमारे गाव को. होडी का पैसा नहीं. लेकिन स्वेटर लाव. भोत थंडी रहता. धा-बारा डिग्री!"

वाटाड्या विचारात पडला. कोरझोकला हिवाळ्यात अख्खं तळं गोठतं. त्यानं मोठ्या काळजीनं विचारलं, "ऊपर, या नीचे?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. काकू मात्र आतापासूनच माशाच्या कालवणात त्याला तिखट किती चालेल, हे विचारत होत्या.