कुणाची फौज, कुणाचं मीठ

अहो, ऐकलंत का? या इकडे, कठड्याशी या जरा, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. तुमचा नातू परवा लिफ्टमध्ये मला त्या ड्रॅगनवाल्या सीरियलचं सांगत होता. म्हणे, आजी, तिथे राजाची स्वतःची फौज नसतेच, सरदार आपापली घेऊन येतात, आणि ऐन लढाईत कोण येईल, कोण पाठ फिरवेल याचा नेम नाही. मी म्हटलं, बाळा, त्याला ड्रॅगन कशाला हवेत? हे आपल्या पटपडगंजलाच झालंय! चेहरा बघायला हवा होता तुम्ही. त्याला पटपडगंज म्हणजे मदर डेअरी, संपलं.

अहो, ११ सप्टेंबर १८०३. इंग्रजांचा जनरल लेक हिंडनकडून आलेला आणि शिंद्यांची पलटणं यमुना उतरून अलीकडे. नोएडाच्या त्या गोल्फ कोर्समध्ये स्तंभ आहे बघा, तो त्याचाच. आता मी ‘शिंद्यांची’ म्हटलं खरं, पण कुणाची म्हणायची हाच तर सगळा घोळ...

तुम्हाला सरंजाम वेगळा काय सांगायचा? हा मुलूख तुझा, त्याच्या वसुलावर इतके स्वार बाळग, बोलावलं की हजर हो. शिवाजी महाराज यात पक्के. रोख पगार द्यायचे, मुलूख तोडून द्यायला राजी नसत. राजाराम महाराजांच्या वेळी मात्र औरंगजेब वतनांचं आमिष दाखवू लागला, मग जिंजीहूनही सनदा सुटल्या. आणि एकदा हात सैल झाला की झाला हो. मी तर म्हणते, आपल्या सोसायटीत प्रत्येक ब्लॉकनं आपापला मेंटेनन्स गोळा करून आपापला वॉचमन ठेवला, तर सी ब्लॉकमध्ये चोर शिरल्यावर ए ब्लॉकचा उठेल का?

बरं, पुणं काही झोपलेलं नव्हतं. सरदाराच्या फौजेत पेशव्यांचे दरकदार असायचे, फडणीस काय, मजुमदार काय. हजेरीच्या वेळी घोड्याचा रंग, अंगावरच्या खुणा, सगळं लिहून घ्यायचे. का? तर एकच घोडा दोनदा उभा करतात म्हणून! आणि शिलेदाराचं तरी काय चुकलं म्हणा. घोडा त्याच्या घरचा. बारगीर सरकारच्या घोड्यावर बसतो, याचा घोडा पडला तर याची भाकरीच पडली. तोफेसमोर घालताना तो दहादा विचार करणारच.

मल्हारराव होळकरांनी पानिपतावरून पाय काढला तो... नको, तो विषय नकोच. आमच्या मंडळात त्यावरून दोघेजण अजून गणपतीच्या आरतीला वेगवेगळ्या टोकांना उभे राहतात.

तर काय सांगत होते? हां, महादजी शिंदे. पाटीलबावांनी हे सगळं ओळखलं होतं. त्यांनी तो डी बॉयन ठेवला, सॅव्हॉयचा. कवायती पलटणं, तोफा, बंदुका, आणि मुख्य म्हणजे वेळेवर पगार! त्यासाठी दुआबातला अलीगढकडचा मुलूखच त्याच्या हाती दिला. महिन्याच्या महिन्याला पैसे मिळाले की शिपाई जागचा हलत नाही हो. १७९३ ला लाखेरीला तुकोजी होळकरांची काय गत केली या पलटणींनी! आपल्याच माणसांची, हेही खरं. पण नीट बघा, स्वार सरदाराचा होता, तो सुटला आणि शिपाई साहेबाचा झाला. दौलतीचा कोण होता? कुणीच नाही.

१७९४ ला महादजी गेले. गादीवर दौलतराव, कोवळं पोर, आणि घरात महादजींच्या विधवा. अहो, त्या बायांनी पोराविरुद्ध फौज उभी केली! धाकटीबद्दल काय काय बोललं गेलं ते मी सांगणार नाही... बरं, राहू दे. तिकडे सासरे सर्जेराव घाटगे पुण्याचे सावकार पिळताहेत, आणि महादजींच्या हाताखाली वाढलेले लखबादादा लाड बायांच्या बाजूला. म्हणे, आम्ही मूळ घराचं मीठ खाल्लंय. आता सांगा, बेइमान कोण? शिंद्यांच्याच पलटणी शिंद्यांच्याच लखबादादांवर घातल्या. घालणारा कोण, तर पेरॉन! डी बॉयन गेल्यावर तो फ्रेंच आला होता ना, कधीकाळचा खलाशी. दुआबात नुसता राजा होऊन बसलेला.

होळकरांचं तर विचारूच नका. बाजीराव पेशव्यानं विठोजीला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, १८०१ ला. भाऊ आहे तो यशवंतरावाचा! पुढच्या वर्षी दिवाळीतच हडपसरला त्यानं पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजा मिळून झोडल्या. बाजीराव पळाला तो शेवटी वसईला, आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांच्या तहावर सही करून मोकळा. म्हणजे बघा, धन्यानंच शत्रूचा पहारा घेतला. मग खाली चाकरानं इमान ठेवायचं कुणाशी? मला कुणी यशवंतरावाला दोष दिला की रागच येतो. १८०३ ला शिंदे आणि नागपूरकर भोसले लढायला उठले, हा बसून राहिला. मी असते तर मीही बसले असते, खरं सांगते.

आता पटपडगंज. त्याआधीच पेरॉनला कुणकुण लागली, की त्याच्या जागी अंबाजी इंगळ्यांना नेमलंय. तोंड हे एवढं झालं असणार! ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला. वाट कुणी दाखवली? शिंद्यांच्याच नोकरीतल्या गोऱ्यानं, ल्यूकन त्याचं नाव. इंग्रजांनी जाहीरनामाच काढला होता, शिंद्यांची चाकरी सोडून या, तुमची सोय आम्ही बघतो. साहेब लोक पटापट गेले. पेरॉनही गेला, पैसाअडका घेऊन. पलटणं उरली बोर्किनकडे. तो म्हणे आधी कलकत्त्याला आचारी होता, नंतर आतषबाजी करायचा. खरं-खोटं देव जाणे, मी आपलं ऐकलेलं सांगते.

शिपाई मात्र जागचे हलले नव्हते हो. उंचावर तोफा, दोन्ही बगलांना दलदल, जागा उत्तम. लेकनं घोडदळ मागे घेऊन पळाल्याचं सोंग केलं, आणि हे तोफा घेऊन खाली उतरले! तिथेच घात झाला. लेकचा घोडा गोळीनं पडला, पण दिल्ली गेली. साहेब चार दिवसांत शरण गेले. आणि तेच शिपाई १ नोव्हेंबरला लासवारीला बिनसाहेबांचे असे लढले, की लेकनंच तोंडभरून कौतुक केलं.

पण माझा आवडता कोण सांगू? काश्मिरी गेटला ते पिवळं चर्च आहे ना, ते बांधणारा स्किनर. आई राजपूत, बाप स्कॉटिश. शिंद्यांच्याच फौजेत होता, पेरॉननं काढलं. पेरॉनचे हिंदुस्थानी स्वार इंग्रजांकडे आले, त्यांनी म्हणे यालाच मागितलं, सिकंदरसाहेब हवेत म्हणून. त्याची रेजिमेंट आजही आपल्या लष्करात आहे. पण इंग्रजांकडे जातानाच त्यानं बजावलं होतं, शिंद्यांचं मीठ खाल्लंय, त्यांच्यावर हत्यार धरणार नाही. ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच.

आणि १८०४ ला यशवंतराव एकटाच उठला, दिल्लीला वेढा घालून बसला, तेव्हा हा इंग्रजांकडून त्याच्यावर खुशाल धावून गेला. अट शिंद्यांपुरतीच होती ना!

थांबा हं, कुकरची शिट्टी झाली.