मोत्याचा साज

कोल्हापुरी साज आजवर बायका मिरवायच्या. आता राजारामपुरीतला मोत्या कुत्राही मिरवतो. सुती पट्टा, त्यावर कडुलिंबाचं तेल, वर लव्हेंडरचे थेंब. झाला घरगुती पिसूपट्टा! पिसवांना मात्र कौतुक नाही. कुत्र्याच्या अंगावर दिसते ती विसातली जेमतेम एक. बाकीचा गोतावळा अंडी, अळ्या नि कोष होऊन गोधडीत, सोफ्याखाली, फरशीच्या फटीत सुखात नांदतो. गळ्यातला वास तिथवर पोचणार कसा? आणि पट्ट्याला टी-ट्रीचं तेल लावलं, तर मांजराला ते बाधतंच, कारण ते त्याच्या यकृताला झेपत नाही, आणि अंग चाटायची खोड काही जात नाही. पण ‘नैसर्गिक’ आहे ना! (नागाचं विषही नैसर्गिकच.) गोधडी कडकडीत पाण्यात धुवा म्हटलं, तर रविवारभर पट्टा विणणारे मालक म्हणतात, ‘येवढा वेळ कुणाला हाय?’