वेड्यांच्या बाजूने

मराठवाड्यात एक जुनी म्हण आहे : बनी तो बनी, नहीं तो परभणी. ज्याचं कुठंच काही जमलं नाही त्यानं इथं यावं, असा तिचा अर्थ. दुसरी म्हण आम्ही स्वतःच मिरवतो : जगात जर्मनी अन् भारतात परभणी. या दोन म्हणींच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला वेडेपणाबद्दल बोलायचा थोडा हक्क पोचतो. शहाणे लोक ज्याला वेडेपणा म्हणतात, त्याचीच मला आज स्तुती करायची आहे. शब्द त्यांचाच ठेवतो.

हा वेडेपणा असा. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाला नीटमध्ये ७२० पैकी किती पडले, एवढं विचारून थांबायचं नाही. जात कोणती, हेही विचारायचं. शहाणे म्हणतात, पोट फाडणाऱ्याची जात काय विचारता, त्याचा हात बघा. वाक्य असं गोळीबंद आहे की ऐकणारा मान डोलावतो. पण बारावीच्या पोराचा हात कुठल्या पेपरात दिसतो? १८० प्रश्नांत दिसतं ते घर. शिकवणीसाठी लातूरला खोली करून द्यायची ऐपत होती का, पहिल्या वर्षी हुकल्यावर दुसऱ्यांदा बसवायला बापाकडं विकायला काही उरलं होतं का, घरात आधी कुणी बारावी बघितली होती का. हात तयार होतो तो पुढच्या साडेपाच वर्षांत, आणि तिथं सगळ्यांना एकच परीक्षा असते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पासिंगला आरक्षण नाही. वेडेपणा दारापुरताच आहे.

आणि हा वेडेपणा घटनेत शिरला तोही वैद्यकीय शिक्षणाच्या दारातूनच. मद्रास प्रांतात इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या दर १४ जागा जातवार वाटलेल्या होत्या : ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मिळून १, मुसलमानांना १. चंपकम दोराईराजन या बाईंनी त्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली. त्यांनी प्रवेशाचा अर्जही केलेला नव्हता. १९५१ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं ती वाटणी रद्द केली, आणि त्याच जूनमध्ये संसदेनं घटनेची पहिली दुरुस्ती करून कलम १५ (४) घातलं. घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. कायदामंत्री होते बाबासाहेब आंबेडकर. इतक्या कोवळ्या घटनेला मागासांच्या जागांसाठी हात लावायचा, हे धाडस ज्यांनी केलं त्यांच्यापुढं मी मनापासून वाकतो.

जातीसारखाच मुलाचा विभाग विचारण्याची गोष्ट मात्र आमच्यावर उलटली होती, तेही सांगायला हवं. महाराष्ट्रात बरीच वर्षं ७०:३० चं सूत्र होतं. कॉलेज ज्या विभागात, तिथल्या मुलांना ७० टक्के जागा. उरलेल्या ३० टक्के बाहेरच्यांना. ऐकायला किती न्यायाचं! पण मराठवाड्यात कॉलेजं होती सहा : औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही चार सरकारी, आणि दोन खासगी. पुण्या-मुंबईकडं त्याच्या कितीतरी पट. त्यामुळं सेलू-मानवतच्या पोरानं जास्त गुण आणूनही घरी बसावं, आणि तिकडच्यानं कमी गुणांत ॲप्रन घालावा, असं वर्षानुवर्षं चाललं. नेमकं तेव्हा गुणवत्तेवर बोलणारे गप्प होते. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं. त्यातून मी एवढंच शिकलो की तू कुठला, कोणाचा, हे विचारावं ते ज्याच्याजवळ नाही त्याला देण्यासाठी. ज्याच्या दारात आधीच आहे त्याच्या भोवती कुंपण घालायला विचारलं, तर तो प्रश्न नासतो.

मग परभणीकरांनी पुढचा वेडेपणा केला. आमच्याकडंही सरकारी मेडिकल कॉलेज पाहिजे, म्हणून धरणं धरली, सह्या गोळा केल्या. शहाणे विचारत होते, शेजारी नांदेडला आहे की, इथं कशाला? २०२३ मध्ये परभणीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांनी सुरू झालं. त्या वर्षी पहिल्या वर्गात बसलेल्या मुलांकडं बघून ज्याला भरून आलं नाही, तो या जिल्ह्यात पेशंट म्हणून कधी फिरला नसावा.

पण माझी सगळ्यात जास्त श्रद्धा आहे ती पडताळणीच्या कागदामागं धावणाऱ्या बापावर. जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. आमच्याकडं त्याला नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतात. ही पद्धतही एका प्रवेशाच्या भांडणातूनच घट्ट झाली : महाराष्ट्रातल्या माधुरी पाटील खटल्यात, १९९४ मध्ये. दोन बहिणींनी महादेव कोळी म्हणून वैद्यकीय शिक्षणात जागा घेतल्या होत्या, दावा टिकला नाही, आणि कोर्टानं पडताळणी समित्यांची रीत घालून दिली. खोट्या दाखल्यानं खऱ्याची जागा जाते, म्हणून ती रीत हवीच. पण तिचा भार कोणावर पडतो ते बघा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा विचारतात, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. १९५० ला आम्ही हैदराबाद राज्यात होतो. निजामाची सत्ता जाऊन दोनच वर्षं झालेली, दप्तरं उर्दूत. ज्याचा पणजा शाळेत गेलाच नाही त्यानं निर्गम उतारा कुठून आणायचा? ज्यांच्या आज्यानं आयुष्य पालात काढलं, ज्यांच्या कपाळावर १९५२ पर्यंत कायद्यानंच गुन्हेगारीचा शिक्का होता, त्यांच्याकडं रहिवासाचा पुरावा मागतात. गाव ज्यांना वेशीच्या आत घेत नव्हतं, त्यांना विचारायचं, तुमचं गाव कोणतं.

तरी तो बाप धावतो. ऊसतोडीवरून उचल फेडून आलेला, वंशावळ तोंडपाठ केलेला, शपथपत्राची झेरॉक्स पिशवीत घेऊन तहसीलच्या पायरीवर बसलेला. प्रवेशाची तारीख आठ दिवसांवर. शेजारी त्याला सांगतात, इतक्या खटपटीत पोराला किराणा टाकून दिला असता. तो ऐकत नाही. माझ्या लेखी या जिल्ह्यातला सर्वांत थोर वेडा तोच.

दुसऱ्या दारानं येणाऱ्यांना कोणी काही विचारत नाही. खासगी कॉलेजात एनआरआय कोट्याच्या जागा असतात; तिथं जात विचारत नाहीत, खातं विचारतात. २०२३ मध्ये तर पदव्युत्तर नीटची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. तेव्हा कोणी म्हणालं नाही की पोट फाडणाऱ्याचा हात बघा. याचा मला संताप येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही. आणि दारातून आत आलेल्यांचं काय होतं? मुंबईच्या नायर रुग्णालयात २०१९ च्या मे महिन्यात तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवीचा जीव गेला. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला. दार उघडून दिलं की काम संपलं असं समजणाऱ्यांनी तिचं नाव विसरू नये.

अमेरिकेतही हेच भांडण आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजात १०० जागा होत्या, आमच्या परभणीएवढ्याच. त्यातल्या १६ काळ्या आणि इतर अल्पसंख्य मुलांसाठी राखलेल्या. १९७८ मध्ये बाकी नावाच्या गोऱ्या उमेदवारानं तो राखीव कोटा कोर्टातून पाडला. २०२३ च्या जूनमध्ये तर तिथल्या सुप्रीम कोर्टानं प्रवेशात वंशाचा विचार करण्याची वाटच जवळपास बुजवली. मधल्या काळात, १९९६ मध्ये, त्याच कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला होता : काळे आणि हिस्पॅनिक डॉक्टर आपापल्या लोकांच्या, डॉक्टर कमी असलेल्या वस्त्यांत जास्त करून काम करतात. वेडे परत जातात. मेडिकलची जागा हे शर्यतीतलं बक्षीस असतं, तर कोण आधी पोचला एवढंच बघणं रास्त होतं. पण ती नेमणूक आहे, कोणाच्या तरी उशाशी बसायची.

आमच्या पहिल्या शंभरांची इंटर्नशिप २०२९ च्या सुमारास संपेल. मग सरकारी कॉलेजच्या बंधपत्राप्रमाणे एक वर्षाची सेवा. त्यांच्यातली एखादी पोरगी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची असेल आणि तिची नेमणूक जिंतूरकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली, तर पहाटे सहा मैल चालत आलेली म्हातारी ओसरीत टेकेल, पोटावर हात ठेवेल आणि आपलं दुखणं तांड्याच्या बोलीत, गोरमाटीत सांगायला लागेल. टेबलापलीकडून तिला गोरमाटीतच उत्तर येईल.