वाटणीत गेलेला समुद्र

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याच्या वाटण्या झाल्या. धाकट्या पालघरच्या वाट्याला डहाणू, बोर्डी, केळवे, अर्नाळा असा धडधाकट समुद्र गेला. थोरल्या ठाण्याकडे उत्तनचा एक तुकडा आणि खाडीचा वास राहिला. आम्ही शहापूर-मुरबाडकरांनी यावर ब्र काढला नाही, कारण आमचा समुद्राशी संबंध मुळात सुक्या बोंबलापुरता. मे सरता सरता बाजारातून सुकट-बोंबील आणायचे, डब्यात घट्ट झाकण लावून ठेवायचे, की पावसाळ्यापुरता समुद्र घरात. एवढ्यावर आमच्या कैक पिढ्या सुखात होत्या.

हल्ली मात्र समुद्र स्वतःच तालुक्यात राहायला आला आहे. मुंबई-नाशिक महामार्गावर वाशिंद सोडलं की फलक लागतात : ‘बीच रिसॉर्ट. छोट्या मुलांसह निवांत सुट्टी.’ फलकावर निळं पाणी, माड आणि तिरकी छत्री. फलकाच्या मागे खऱ्याखुऱ्या आकाशात माहुलीचे सुळके. नवरा, नवरी आणि भटजी अशी त्यांची नावं. म्हणजे लग्नाची सगळी तयारी निसर्गाने केलेली आहे, हनिमूनचा खर्च तेवढा आपला.

महाराष्ट्राचा किनारा 720 किलोमीटर, हे आपण भूगोलात घोकलं. अलीकडे केंद्राने नव्याने मोजला तर तो 877 भरला. खाड्या आणि वळणं बारकाईने मोजल्यामुळे तो वाढला, असं जाणकार सांगतात. मला विचाराल तर मोजणीवाले एखाद्या शनिवारी आसनगावच्या वाटेला लागले असणार.

हा नवा समुद्र जुन्यापेक्षा पुष्कळच शिस्तीचा. कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठ. इथे एकादशी असो की अमावस्या, भरती भोंग्यावर. भोंगा झाला की भिंतीआड मोटर गुरगुरते, लाट उठते, शे-दोनशे माणसं एका सुरात किंचाळतात. थोड्या वेळाने पुन्हा भोंगा. समुद्र संपला, जेवायला चला. लाइट गेली की ओहोटी, जनरेटर लागला की भरती.

कायद्याच्या दृष्टीनेही तो सोयीचा. खऱ्या किनाऱ्यावर 1991 पासून सीआरझेड आहे, भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत वीट ठेवायची तर कागदांची चळत लागते. आमची भरतीरेषा म्हणजे निळ्या टाइल्सची तिसरी ओळ. तिच्यापासून दोन पावलांवर चाटचं काउंटर. वाळू तेवढी अस्सल. ती रात्री अकरानंतर ताडपत्रीखाली आली. कुठल्या नदीची, हे विचारू नये.

या समुद्रावर मला माझा भाचा घेऊन गेला. भाचा डोंबिवलीचा. ‘मामा, काही म्हणजे काही करायचं नाही. फक्त रिलॅक्स व्हायचं. तुम्हीपण चला, तुमच्याच तालुक्यात तर आहे.’ सोबत भाचेसून, पाच वर्षांचा मुलगा, पावणेदोन वर्षांची मुलगी, आणि काही न करण्यासाठी लागणारं सामान : डायपरचं गाठोडं, नाचणीसत्त्वाचा डबा, किटली, तापाचं औषध, डास पळवायचं मलम, फुगवायचे दोन हंस आणि ते फुगवायचा पंप.

फाटकावर जिराफ. त्याच्या मानेवर लाल रेघ आणि ‘साडेतीन फुटांच्या आत प्रवेश मोफत’. एरवी पोराची उंची वाढत नाही म्हणून डॉक्टर बदलणारे आईबाप इथे आल्यावर त्याच्या कानात कुजबुजतात, ‘बाळा, गुडघे जरा वाकव.’ आमचं बाळ टाचा उंचावून जिराफाला भिडलं आणि ओरडलं, ‘बाबा, मी मोठा झालो!’ भाच्याने पाकीट काढलं. पोराचं कौतुक करावं की त्याला दटावावं, हे त्याला पुढची दहा मिनिटं ठरवता आलं नाही.

पुढे बॅगांची झडती. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. नाचणीसत्त्वाचा डबा उघडून हुंगण्यात आला. रव्याचे लाडू जप्त झाले. मग नायलॉनचा पोशाख सक्तीचा. तो भाड्याने, वर डिपॉझिट. मी जास्वंदीच्या फुलांच्या अर्ध्या चड्डीत खुर्चीवर बसलो, आणि निवांतपणा सुरू झाला.

भाचा मुलाच्या मागे, भाचेसून मुलीच्या मागे. एक लाटेत, तर दुसरं बॅगांपाशी. तिथल्या मुक्कामात नवरा-बायकोची गाठ पडली ती सनस्क्रीन देता-घेताना. मुलाला लाट हवी होती, पण नाकात पाणी नको होतं. मुलीने भोंगा ऐकून असा टाहो फोडला की बाजूच्या पार्टीने आपला स्पीकर मोठा केला. शेवटी ती बागेतल्या नळाखाली जाऊन बसली. हाताला लागलेला प्लास्टिकचा मग भरायची, स्वतःच्या पायांवर ओतायची आणि खदखदून हसायची. हे घरच्या मोरीत फुकट झालं असतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. भाचेसुनेचा चेहरा पाहून गिळलं.

जीवरक्षक म्हणून शिट्टी घेऊन उभा असलेला पोरगा इथलाच. पावसाळी ओढ्यात पोहायला शिकलेला. आता मापाच्या पाण्यात, मोबाइल वर धरून उभ्या असलेल्या साहेबांना ‘सर, पुढे जाऊ नका’ म्हणतो. मी विचारलं, तुमची जमीन कुठेशी होती रे? म्हणाला, ‘तुमची खुर्ची आहे ना आजोबा, तिथे वरी व्हायची.’ मी खुर्ची जरा सरकवली. म्हणाला, ‘तिथेपण.’

‘आणि हे पाणी?’

‘उन्हाळ्यात टँकरचं.’

आता पाण्याचा थोडा भूगोल. तानसा धरण 1892 चं. तेव्हापासून आमचा तालुका मुंबईला पाणी पाजतो आहे. भातसा धरण झाल्यावर तर मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी आमच्याकडून जातं : भातसा नदीतून पिसे बंधाऱ्याला, तिथून पांजरापूरला शुद्ध होऊन महानगराच्या नळाला. पाणी असं खाली मुंबईला पोचतं, आणि शनिवारी मुंबईकर टोल भरून चढाने उलटा इथे येतो. पाण्यात बसायला.

धरणं ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यातल्या कसारा-डोळखांब पट्ट्यातले पाडे उन्हाळा लागला की टँकरकडे डोळे लावून बसतात. टँकर येतो आणि विहिरीत रिकामा होतो. लगेच चारी बाजूंनी पोहरे पडतात, दोर दोरांत अडकतात, विहिरीत लाटा उठतात, काठावर आरडाओरडा होतो. वेव्ह पूल म्हणतात तो हाच, फक्त भोंगा टँकरचा असतो. इथे नायलॉनची सक्ती नाही, साडेतीन फुटांच्या आतल्यांना सवलतही नाही. त्या उंचीच्या मुलीच्या डोक्यावर एक कळशी असतेच.

पावसाळ्यात सगळं उलटं. सह्याद्री चारी बाजूंनी गळत असतो. तेव्हा जिल्हाधिकारी धबधबे, नद्या, धरणं यांच्याजवळ जायला बंदी घालतात. बंदीत चूक काही नाही, बाटली घेऊन पाण्यात उतरणारे दरवर्षी बुडतात. पण गंमत पाहा, फुकटच्या पाण्याला मनाई आणि रिसॉर्टात रेन डान्स जोरात. बाहेर माळशेजचा पाऊस धो धो कोसळतोय, आत पाइपला भोकं पाडून केलेला पाऊस पडतोय, आणि दोहोंच्या मध्ये पत्रा. पाहुणे भिजू नयेत म्हणून.

समुद्राच्या नावाने पैसे घ्यायची रीत आमच्या भागात नवी नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने जुन्नरला चढायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात. त्याच्यावर डिपॉझिट परत मिळण्याची सोय होती की नाही, ते शिलालेखात नाही.

असो. समुद्र आलाच आहे तर त्याच्यामागोमाग बाकीच्या गोष्टीही याव्यात, म्हणून मी एक अर्ज लिहायला घेतला आहे. मुरबाडकर किती वर्षं रेल्वेची वाट पाहताहेत, हे मोजणारेही आता थकले. गाडीच्या आधी समुद्र पोचला. तेव्हा कल्याणपर्यंत आलेला राष्ट्रीय जलमार्ग 53 तसाच पुढे मुरबाडला न्यावा, ही पहिली मागणी. माहुलीवर दीपगृह बांधावं, रात्री फाटा चुकणाऱ्या गाड्यांना उपयोगी पडेल. आणि मच्छीमारांना बोटीच्या डिझेलवर करपरतावा मिळतो तो आमच्या टँकरवाल्यांनाही लागू करावा. मच्छीमार समुद्रातून काही ना काही काढून नेतो, हा बिचारा रोज दोन खेपा समुद्र घेऊन येतो. मच्छीमाराची बंदी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत असते, याचाही धंदा नेमका त्याच दिवसांत बसतो, एवढं कागदोपत्री साम्य पुरेसं व्हावं. अर्जावर सहीसाठी जीवरक्षकाला विचारलं. तो म्हणाला, ‘करतो, पण आता नको आजोबा, भरतीची वेळ झाली,’ आणि भोंग्याचं बटण दाबायला गेला.